कॉन्टॅक्टरचे लोकार्पण

पिंपळगाव बसवंतच्या एका सहकारी शीतगृहात, भर हंगामात, पेट्यांच्या थप्प्या वाहणारी विजेवरची पॅलेटगाडी बंद पडली. सावळीराम तात्यांची द्राक्षं आत होती आणि कंटेनर बाहेर. संध्याकाळपर्यंत माल चढला नाही, तर कंटेनर दुसऱ्याचा माल घ्यायला जाणार होता. जहाज काही कुणाच्या पेट्यांसाठी थांबत नाही.

"गाडीला झालं तरी काय?" तात्यांनी विचारलं.

"कॉन्टॅक्टर जळालाय," मुस्तकीम मिस्त्री म्हणाला. "बॅटरी आणि मोटरच्या मधला दारवान समजा. बटण दाबलं की टक् करून दार उघडतो, वीज आत सोडतो. नवा आणलाय. चहा येईस्तोवर बसवतो."

चहा आला, पण त्याआधी चेअरमनसाहेबांचा फोन आला. व्यवस्थापक कुंदनराव उभं राहून फोनवर बोलले आणि मग म्हणाले, "मिस्त्री, हात काढा. साहेबांच्या शुभहस्ते लोकार्पण झाल्याखेरीज कोणतीही नवी वस्तू वापरात आणू नये, असं संचालक मंडळाचं धोरण आहे."

"अवो, मुठीएवढी वस्तू हाय ती!"

"वस्तू लहान असेल, तात्या. धोरण लहान नाही."

"मग हातगाडीनं काढतो माल. चार माणसं लावतो."

कुंदनराव दचकले. "माल हातानं निघाला, तर विजेच्या गाडीची गरज नव्हती असं सिद्ध होईल. मग साहेबांनी अर्पण कशाचं करायचं?"

हातगाडीला कुलूप लागलं.

नवा कॉन्टॅक्टर मखमली उशीवर विराजमान झाला. मांडवाला जागा हवी, म्हणून कंटेनर रस्त्यापलीकडे गेला. बॅनर आला, त्यावर व्हाइस चेअरमन टिकलीएवढे निघाले, म्हणून तो परत गेला. पाहुण्यांना उकडू नये, म्हणून शीतगृहाचं दार सताड उघडं ठेवण्यात आलं. पाहुण्यांचा घाम वाळला आणि द्राक्षांना फुटला. तात्या मांडवाभोवती पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरत होते.

"शांत व्हा, तात्या," कुंदनराव म्हणाले. "फितीचं एक टोक तुम्ही धरायचंय."

"मी?" तात्यांनी टोपी सरळ केली.

ऊन कलल्यावर साहेब आले. "एक काळ असा होता," ते गहिवरून म्हणाले, "की या तालुक्याला कॉन्टॅक्टर ठाऊक नव्हता!" टाळ्या पडल्या. फीत कापली गेली. मुस्तकीमनं धावत जाऊन भाग बसवला, बटण दाबलं. टक्! गाडी हलली. पलीकडून ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. अजून वेळ होता.

तेवढ्यात कुंदनरावांनी मोबाइल पुढं केला. तात्यांनी डोळे बारीक करून फोटो पाहिला. साहेब होते, कात्री होती, उशी होती. तात्या मात्र साहेबांच्या कोपराआड गेले होते.

ते थेट गाडीला आडवे झाले. "थांबा! द्राक्षं माझी, अन् फोटोत माझा निस्ता कान? परत कापा फीत!"

"तात्या, कंटेनर चाललाय!" मुस्तकीम ओरडला.

"थांबंल की दोन मिनिटं! त्याला काय लय घाई हाय?"

मागणी रास्त होती. पण लोकार्पणाआधी वस्तू वापरात असणं धोरणात बसत नव्हतं. म्हणून कॉन्टॅक्टर काढून पुन्हा उशीवर ठेवण्यात आला. नवी फीत बांधली गेली. कंटेनर महामार्गाला लागला, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. फोटोवाला सांगत होता, "सगळ्यांनी इकडं बघा आणि हसा!"

सगळे हसले. तुम्ही तर मघापासूनच हसताय. आता फक्त जरा डावीकडं सरका. तुमच्यामागं तात्यांचा चेहरा पुन्हा झाकला जातोय.