मीटरवाले हरिभाऊ

हरिभाऊंना ऑटोच्या भाड्यावर दहा रुपये जास्त दिले की ते बिचकतात. नोट उन्हात धरून बघतात, मग माझ्याकडे बघतात. "बाई, जास्तीचे कायले देऊन राह्यल्या? काय काम हाय?" काही काम नाही, सुटे नाहीत, असं सांगूनही पटत नाही. समोरच्या पानठेल्यावरून सुटे आणून माझ्या हातावर ठेवतात, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडतो.

आमच्या यवतमाळात ऑटोला मीटर असतं, पण त्यावर गाडी पुसायचं फडकं वाळत असतं. भाडं ठरतं तोंडी. ड्रायव्हर ऐंशी म्हणतो, आपण चाळीस म्हणतो, साठावर तोडपाणी होतं आणि दोघंही आपण फसलो असं समजून घरी जातो. हरिभाऊ मात्र आधी मीटर पाडतात, मग "बसा" म्हणतात. सरकारी भाडेपत्रक प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांनी सीटसमोर लावलंय. "बोट ठेवा अन् पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसावर गावाने विश्वास टाकावा की नाही? छे! सगळ्यात जास्त संशय त्यांच्यावरच. "घासाघीस करू देत नाही म्हणजे मीटरमध्येच काहीतरी करून ठेवलं असेल," असं शेजारच्या काकूंचं मत. खोटं कशाला सांगू, माझंही तेच होतं. घरापासून माझ्या शाळेपर्यंतचं अंतर मी आमच्या यांच्या स्कूटरवर मोजून आणलं. तंतोतंत जुळलं. तेव्हापासून मला स्कूटरचा संशय येतो.

स्टँडवरचे इतर ऑटोवाले त्यांच्यासमोर बोलायचं टाळतात. हा नक्की साहेब लोकांचा खबऱ्या आहे, असं त्यांना वाटतं. हरिभाऊही काही कमी नाहीत. मागच्या सीटवर दोन प्रवासी कुजबुजले की हे लगेच आरसा वळवतात.

ऑटो त्यांचा स्वतःचा नाही. मालकाला दर दिवशी ठरलेली रक्कम द्यायची, तिला सगळे 'रोज' म्हणतात. वर उरेल ते आपलं. यंदा मालकाने रोज वाढवला. हरिभाऊ तडक अर्ज घेऊन सरकारी कार्यालयात गेले. "भाडं किती घ्यावं याले सरकारचा कागद हाय, मंग रोज किती घ्यावा याले काहून नाही?" साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली आणि विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

मालकाच्या कानावर हे गेलंच. त्याने सांगून टाकलं, मीटर बंद करून चार पैसे जास्त कमवा आणि वाढलेला रोज द्या, नाहीतर उद्या चावी आणून ठेवा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून त्यांनीच मला घरी सोडलं. भाडं मीटरप्रमाणेच घेतलं. मग फाटकापाशी ऑटो उभा करून पान्याने मीटर खोलायला लागले.

"काढलं एकदाचं? बरं केलंत," मी म्हणाले.

"चावी द्यायले चाललो, बाई. ऑटो त्याचा, पन मीटर माहं हाय."

मला रागच आला. साठीच्या माणसाला आता दुसरा ऑटो कोण देणार? "एवढा कसला हट्ट, हरिभाऊ?"

त्यांनी मीटर मांडीवर घेतलं. बाहीने त्याची काच पुसली.

"दारव्ह्याहून बायकोले घेऊन आलतो इथं, तवा मी ऑटो चालवत नव्हतो. छातीत दुखून राह्यलं होतं तिच्या. बस स्टँडवरून दवाखान्यात न्यायचे ऑटोवाला शंभर म्हने. मले वाटलं, तिची हालत पाहून लुटून राह्यला. मी साठावर अडलो. तो नव्वद म्हने, ऐंशी म्हने. ती तिथं बाकड्यावर बसून होती. 'देऊन टाका ना जी,' म्हने. मी नाही देल्ले. शेवटी आला तो साठावर."

मीटरचे नट त्यांनी मोजून खिशात टाकले.

"डॉक्टर म्हने, जरा आधी आनायची होती."

ऑटो सुरू करून त्यांनी रस्त्याकडे वळवला.

"तो शंभर बरोबर सांगत होता का जास्तीचे, मले आजवर समजलं नाही, बाई. त्याचं मीटर बंद होतं."