बेसवादकाची अधिकृत शांतता

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी आत्या कार्यक्रमाला येणार हे पक्कं झालं, तेव्हा खर्जने बेस गिटारच्या चारही तारा नव्या घातल्या. ऐकणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण बेसवाले तारा बदलत नाहीत. बेसच्या तारा आणि बेसवाला हे दोघं बरोबरीने जुने होत जातात, असाच त्या धंद्यातला प्रघात आहे.

खर्ज हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते नाव आता बँकेत आणि दवाखान्यात तेवढं चालायचं. बँडमधले सगळ्यात खालचे सूर त्याच्या वाट्याला आले म्हणून कुणीतरी त्याला खर्ज म्हटलं आणि बघता बघता आत्याही तेच म्हणू लागली. बँड होता दुसऱ्यांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवणारा. लग्नाचे वाढदिवस, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, निवृत्त होणाऱ्या साहेबांचे निरोप असल्या प्रसंगी हे पाच जण काळे शर्ट घालून उभे राहायचे. कार्यक्रम संपला की लोक गायकाला मिठी मारत, ड्रमवाल्याची पाठ थोपटत, गिटारवाल्याबरोबर फोटो काढत आणि खर्जकडे येऊन विचारत, "हात धुवायला कुठे जायचं हो?"

तो सांगायचाही. इतक्या वर्षांत सगळ्या सभागृहांची मोऱ्या-नळांसकट माहिती त्याला झाली होती.

घरचेही काही मागे नव्हते. सासरेबुवा दर भेटीत प्रेमाने चौकशी करत, "जावईबापू, चार तारांवरून सहा तारांवर बढती कधी मिळणार? एवढी वर्षं नोकरी झाली, वरिष्ठांच्या कानावर घाला की." बायको म्हणायची, "तुम्ही वाजवता तेव्हा कळत नाही, पण जड पेटी जिन्यावरून वर चढवता तेव्हा आख्ख्या इमारतीला कळतं."

आत्याची गोष्ट मात्र निराळी होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. वय झालं तसे तिचे कान गेले, पण ते एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. दाराची घंटा गेली, पाखरं गेली, मग सुनेचं, म्हणजे खर्जच्या बायकोचं, बोलणं गेलं. (ते आत्याने आपणहून जाऊ दिलं, असं सुनेचं ठाम मत होतं.) खालचे, जाड आवाज तेवढे उरले. खर्ज आतल्या खोलीत सराव करायला बसला की आत्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसायची. बाकीच्या जगाला गाण्यात सगळं ऐकू येई, एक खर्ज सोडून. आत्याला काहीच ऐकू येत नसे, एक खर्ज सोडून. अशी श्रोती कुठल्या राजगवयालाही लाभली नसेल. पण गुडघ्यांमुळे ती कधी कार्यक्रमाला गेली नव्हती. आता मावसभावाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस घराजवळच्या सभागृहात व्हायचा होता आणि आत्याने जाहीर केलं होतं, "खुर्चीत बसवून उचलून न्या, पण न्या. याला लोकांसमोर वाजवताना मला एकदा ऐकायचंय."

तर इथवर सगळं सुरळीत होतं. म्हणूनच समिती स्थापन झाली.

पूर्वी अशी वेळ येत नसे. सभागृहातलं गाणं शेजाऱ्याला सहन झालं नाही की तो खिडकीतून ओरडायचा, "अहो, बास करा आता!" बँडवाला ओरडून सांगायचा, "हे शेवटचंच!" अजून चार व्हायची आहेत हे दोघांनाही ठाऊक असायचं आणि खिडकी लागायची. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच दुकानात दूध घेताना हसायचे. असा सगळा अडाणी कारभार होता. आता मात्र समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी 'संध्याकाळी भिंतीतून धुम् धुम् येते' अशी रीतसर तक्रार केली आणि सभागृहाने रीतसर ध्वनी-सलोखा समिती नेमली. अध्यक्षपदी एक निवृत्त अधिकारी बाई होत्या. निवृत्तीनंतर त्यांना घरात शांतता असह्य झाली होती.

अध्यक्षबाई एका कार्यक्रमाच्या आधी पाहणीला आल्या. त्यांनी एकेकाला वाजवायला लावलं आणि पहारेकऱ्याला बाहेर रस्त्यावर उभं केलं. गायक गायला, पहारेकऱ्याने 'ऐकू येत नाही' अशी मान हलवली. गिटार झालं, मान हलली. खर्जने एकच तार छेडली आणि पहारेकऱ्याने दोन्ही हात वर केले.

"सापडलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ध्वनीचा उगम आपण आहात."

"बाई, बेस असाच असतो. भिंतीतून जातो तो."

"भिंतीला विचारून जातो का? मग? आवाज कमी करा. बाहेरचा हात खाली येईपर्यंत."

खर्ज कमी करत गेला. पहारेकऱ्याचे हात हळूहळू खाली आले तेव्हा आतही काही उरलं नव्हतं.

"आता तुम्हाला ऐकू येतंय का?" बाईंनी बँडच्या मुख्य गायकाला विचारलं. त्याला सगळे बॉस म्हणत.

"नाही."

"याआधी येत होतं?"

बॉस विचारात पडला. प्रामाणिक माणूस होता बिचारा. "खरं सांगू? कधी लक्ष दिलं नाही."

"म्हणजे गुणात्मक फरक नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि आदेश निघाला. जे वाद्य ऐकू येत नाही ते विजेला जोडून ठेवणं ही विजेची उधळपट्टी असून त्यातून अपघातही संभवतो, सबब बेसची वायर काढण्यात यावी. मात्र करारात पाच कलावंत कबूल केलेले असल्याने बेसवादकाने जागेवर उभं राहावं आणि बोटं हलवावीत.

"वायर नाही तर बोटं कशाला हलवू?" खर्जने बॉसला विचारलं.

"अरे मित्रा, लोकांनी पाच जणांचा बँड बोलावलाय. तू स्वस्थ उभा राहिलास तर त्यांची फसवणूक होईल ना!"

खर्जने बोटं हलवली. अगदी मन लावून, एकही सूर न चुकवता हलवली, कारण सवय वाईट. पण त्या दिवसापासून एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. लोक नाचायला उठत, दोन गिरक्या घेत आणि आपण इथे कशाला आलो हे विसरल्यासारखे परत जाऊन बसत. गायक तोच, गाणी तीच, ड्रमवाला नेहमीपेक्षा जास्तच बडवत होता, तरी पाय काही उचलत नव्हते. सभागृहाच्या व्यवस्थापकाने समितीला कळवलं. समितीने तातडीने पाहणी केली आणि कारण शोधून काढलं: बेसवादकाचा चेहरा.

"आपण दुःखी दिसता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्याचा पायांवर परिणाम होतो."

"बाई, पायांना बेस लागतो. तो काढलात तुम्ही."

"मुद्दा भरकटवू नका. हसायला काही अडचण?"

खर्ज हसू लागला. वायर नसलेलं वाद्य गळ्यात घालून, बोटं नाचवत, दात काढून उभा राहू लागला. घरी बायकोने विचारलं, "हल्ली जबडा का धरून बसता?" त्याने खरं सांगितलं. बायकोने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. मग म्हणाली, "आत्यांना सांगू नका. त्या शनिवारची साडी काढून बसल्यात."

शनिवारसाठी वायर जोडायची परवानगी मागायला तो स्वतः समितीकडे गेला. "एकच गाणं, बाई. माझी आत्या येतेय. तिला दुसरं काही ऐकूच येत नाही."

अध्यक्षबाई काही दगडाच्या नव्हत्या. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पाणी मागवलं. "आपली भावना समिती समजू शकते. पण अडचण अशी आहे की तक्रारी अजून चालू आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना धुम् धुम् ऐकू येतेच आहे."

"वायर काढल्यावरही? मग मी नाहीच ना तो!"

"तेही आम्ही तपासलं. त्यांच्या डोक्यावरच्या घरात धावण्याचं व्यायामयंत्र आहे. संध्याकाळी ते चालतं. आवाज त्याचाच."

खर्जच्या छातीवरचा दगड उतरला. "मग झालं की! ते बंद करा आणि मला वायर द्या."

"तसं कसं?" अध्यक्षबाईंना खरोखरच नवल वाटलं. "ते यंत्र खाजगी घरात आहे. ते समितीच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. तुम्ही येता. तक्रार आली म्हणजे कारवाई व्हायलाच हवी आणि कारवाई जिथे करता येते तिथेच करावी लागते. वायर काढून तक्रार थांबली नाही, याचा अर्थ उपाय अपुरा पडला. आता आपणच मंचावर नसलेलं बरं."

"अहो, पण…"

"वाद्य राहू द्या. वाद्याबद्दल आमची तक्रार नाही."

बॉसनेही समजूत घातली. "वाद्य स्टँडवर ठेवू. वर एक झकास दिवा सोडू. नाहीतर फोटोत पाचवी जागा पडलेल्या दातासारखी दिसते. तू आरामात खाली बस, जेव. कधी नव्हे ते पाहुणा हो ना जरा!"

शनिवारी संध्याकाळी खर्ज पहिल्यांदाच पुढच्या दाराने त्या सभागृहात शिरला. हाताला आत्या होती, जरीकाठाची साडी नेसलेली. तिला तिसऱ्या रांगेत बसवून तो शेजारी बसला. मंचावर त्याचा बेस निळ्या उजेडात न्हाऊन निघत होता. नव्या तारा नुसत्या लखलखत होत्या. बँडने पहिलं गाणं सुरू केलं, मग दुसरं. बॉसच्या कपाळावरच्या शिरा तटतटल्या, ड्रमवाल्याची काठी मोडली, बायका गालावर हात ठेवून 'वा, काय दणका आहे' म्हणू लागल्या. सासरेबुवा मागच्या रांगेतून पुढे वाकले. "जावईबापू, आज तुमचं वाद्य काय सुरेख लागलंय! पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं बघा."

"मी इथे बसलोय, बाबा."

"तेच म्हणतो. लांबूनच खरी गोडी कळते."

आत्या मात्र पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली होती. तिसरं गाणं ऐन रंगात आलं तेव्हा ती खर्जकडे वळली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी खणखणीत आवाजात म्हणाली, "काय रे, कार्यक्रम सुरू कधी व्हायचा?"

खर्जने मंचाकडे बोट दाखवलं.

"ती माणसं किती वेळची नुसती तोंडं हलवताहेत. आणि तू अजून इथेच? जा की! तुझ्यासाठी थांबलेत वाटतं."

मग तो उठला. मंचाच्या पायऱ्या चढला, पडद्यामागे गुंडाळून ठेवलेली वायर शोधली, जोडली, बेस गळ्यात घातला आणि चालू गाण्यात घुसला. बॉसने वळून पाहिलं, पण गाणं अर्ध्यावर सोडता येईना. पहिला सूर जमिनीतून गेला आणि खुर्च्यांच्या पायांतून वर आला. आत्याने डोळे मिटले. "हां," ती म्हणाली, "आता सुरू झालं!" तिची टाच जमिनीवर पडू लागली. तिच्या शेजारच्या बाईंची पडली, मग त्या रांगेतल्या सगळ्यांची. मावसभाऊ बायकोचा हात धरून उठला. का उठलो हे त्यालाही सांगता आलं नसतं.

हे चार-दोन ओळी टिकलं. मग पहारेकरी मंचावर आला.

"साहेब, कलाकारांच्या वाद्याला हात लावायचा नाही."

"अरे, मीच कलाकार आहे."

"कलाकार असता तर खाली कशाला बसला असता? चला, प्रेक्षकांतून तक्रार आलीय."

या वेळी तक्रार तिसऱ्या मजल्यावरून आली नव्हती. ती तिसऱ्या रांगेतून आली होती. एका सुशिक्षित, सभ्य माणसाने हात वर करून पहारेकऱ्याला बोलावलं होतं आणि अतिशय सौम्य शब्दांत सांगितलं होतं की कुणीतरी गृहस्थ मंचावर चढलेत आणि ते फोटोच्या मध्ये येताहेत. पहारेकऱ्याने खर्जला दंडाला धरून खाली आणलं. बेस पुन्हा स्टँडवर गेला, निळा दिवा पुन्हा त्याच्यावर पडला. नाचणारी मंडळी दमल्यासारखी जागेवर येऊन बसली. आत्याने डोळे उघडले.

"संपलं? एवढंच?"

"एवढंच, आत्या."

"छान होतं रे," ती म्हणाली आणि जायला उठली. आता थांबून तिला काय ऐकायचं होतं?

त्यांच्या पाठीमागे मंचावरून बॉसने एकेका वादकाची ओळख करून दिली. "आणि बेसवर…" म्हणत त्याने स्टँडकडे हात केला, तशा सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

त्यातल्या दोन हातांच्या टाळ्या तुमच्या होत्या. एवढं दचकायला नको. तक्रार करताना तुम्ही खरंच फार सौम्य बोललात, पहारेकऱ्यालाही 'प्लीज' म्हणालात. फोटो तुमच्या फोनमध्ये असेलच, काढून बघा. मध्ये कुणी नसल्यामुळे किती स्वच्छ आलाय.