लिंबोणीला जामीन

मी मुरबाडच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे लिंबाचं झाड कसं वाढवायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती! अठ्ठ्याण्णव साली कल्याणहून एसटीत मांडीवर घेऊन रोप आणलं. शेजारच्या प्रवाशाला त्याने वाटेत काट्यांनी पार ओरबाडून काढलं. ओट्याजवळच्या निळ्या पिंपात रोप लावलं आणि बायकोला, जयाला, ठणकावून सांगितलं, "या झाडाला लिंबू लागेपर्यंत घरात विकतचं लिंबू येणार नाही!"

"नक्की?"

"साईनाथ मास्तरचा शब्द आहे!"

शब्द तगडा निघाला. झाड नाही. शेणखत घातलं, पेंड भिजवून घातली, आंबट ताक पाजलं, पानांवरच्या अळ्या चिमट्याने वेचल्या. झाड करवलीसारखं नुसतं नटून उभं! तीन वर्षं पोह्यांवर लिंबू नाही, उन्हाळ्यात सरबत नाही. पाहुण्यांनी लिंबू मागितलं की जया त्यांना पिंप दाखवायची. तरी मी हटलो नाही.

अशात किन्हवलीहून सासूबाई आल्या. ताटात तळलेले बोंबील बघून म्हणाल्या, "गो जया, लिंबू?"

जयाने सगळी कर्मकहाणी सांगितली. सासूबाई जेवण उरकून उठल्या त्या थेट कोयता घेऊन अंगणात!

"जावई, ह्या झाडाला धाक नाय. मी कोयता उगारते, तुमी हात जोडा. म्हणा, यंदा नको तोडू, पुढच्या साली फळेल. झाडाला घरचा जामीन लागतो."

"आई, मी विज्ञान शिकवतो! झाडाला कान नसतात!"

"नसूं देत. तुमाला हायेत ना?"

आणि कोयता वर गेलासुद्धा. "निस्तं खातंय आन् पितंय! आज तोडतेच!"

मी हाताची घडी घालून उभा राहिलो. म्हटलं, दमतील आणि ठेवतील खाली. पण विनवणीशिवाय कोयता खाली आला, तर झाड कायमचं निर्ढावतं म्हणे! म्हणजे एक तर मी हात जोडायचे, नाहीतर झाड जायचं. सासूबाईंचा जन्म भाताच्या शेतात गेलेला. त्यांचा हात दमेल तर शपथ!

कुंपणापाशी शेजारचा काळूराम आला. मागोमाग निम्मी आळी. समोर चित्र काय? सासूच्या हातात कोयता आणि पुढ्यात जावई!

"मास्तरांनी काय केलं गो?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

काळूरामने घाईने हात जोडले. "मावशी, नका! यंदाच्याला सोडा! सुधारतील मास्तर!"

"अरे, जामीन झाडाला पायजे, जावयाला नाय!" सासूबाई कडाडल्या. "जावई, शेवटचं इचारते!"

मी मान फिरवली. सप्पकन आवाज झाला आणि शेंड्याची फांदी माझ्या पायाशी पडली. अळ्या वेचून वेचून वाढवलेलं झाड होतं हो ते! कोयता पुन्हा वर गेला, तसा मी झेप घेऊन झाडाला मिठीच मारली. काटे बनियनमधून आरपार!

"नको आई, नको! पुढच्या साली फळेल! मी शब्द देतो!"

"हां! आधीच बोलायचं ना," म्हणत त्यांनी कोयता खाली ठेवला. जया चिमटा घेऊन माझे काटे काढत बसली. काढताना हसत होती.

पुढच्या साली झाड लिंबांनी वाकलं. मी आळीभर सांगत फिरलो, "पेंडीचा गुण!" कुणी ऐकलं नाही.

त्याच्या पुढच्या साली पुन्हा नुसती पानं! सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या येऊ शकत नव्हत्या. जया म्हणाली, "मला हसू येतं, मी नाही कोयता धरणार." मग काय! सकाळी अंगणात कुणी नाही असं बघून मीच एका हाताने कोयता उगारला, "तोडतो तुला!" आणि दुसरा हात कपाळाशी नेऊन म्हटलं, "नको मास्तर, फळेल!"

"मास्तर, बरं नाय का?" कुंपणापलीकडून काळूराम.

मी कोयता पाठीमागे लपवला. "प्रयोग आहे रे! विज्ञानात एकदा गुण आला म्हणून सिद्ध होत नाही. पुन्हा करून बघावं लागतं."

"मंग नीट तरी करा! एका हातानं कोन पाया पडतं काय?"

मुद्दा शास्त्रशुद्ध होता. मी कोयता काळूरामच्या हातात दिला आणि दोन्ही हात जोडले.