गातेय नाही, गातोय

आमच्या प्रतापनगरच्या सोसायटीत सकाळी सहाला कोकीळ ओरडतो आणि सहा वाजून एक मिनिटाने नाना गुप्ते. दोघांत कोकीळ परवडला. तो निदान झाडावरून खाली येत नाही.

नाना रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. दोन वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या मागे लागले, म्हणजे आमच्याच. दूध घेऊन येणारं कुणी सहज म्हणालं, "कोकिळा काय गोड गातेय," की नाना जिना उतरलेच.

"तद्दन खोटं. गातेय नाही, गातोय. नर गातो. मादी नुसती किक् किक् करते."

मग पिशवीतलं दूध नासेपर्यंत व्याख्यान. पक्षी काही आपल्या करमणुकीसाठी गात नाहीत. दुसऱ्या नराला सांगायचं, 'फांदी माझी आहे, चालता हो,' आणि मादीला, 'मी इथे आहे, ये.' एवढ्या दोन वाक्यांना नानांना दीड तास लागतो. पक्ष्याचं तेवढ्यात घरटं बांधून होतं.

परवा तर कहर केला. जोशीकाकूंच्या नातीचा वाढदिवस. पोर कविता म्हणत होती, "कोकिळा गाते." नाना केक टाकून उठले. "गातो म्हण, बेटा." पोर रडायला लागली. कमिटीने ठरवलं, नानांना हे बंद करायला सांगायचं. सांगायला अर्थात मी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की लोकांना माझे गुण दिसतात.

गेलो तेव्हा नाना गॅलरीत होते. समोर टाकीवर एक दयाळ पक्षी गळा काढत होता. विषय काढायचा म्हणून विचारलं, "हा दिवसभर का ओरडतो हो?"

"एकटा आहे," नाना म्हणाले. "जोडी जमली की निम्मा गप्प होईल. ऐकणारं घरात असलं तर बाहेर कशाला ओरडेल?"

मला गुप्तेकाकू आठवल्या. त्या होत्या तोवर, वीस वर्षांत, नानांचा आवाज आम्ही कुणी धड ऐकलाच नव्हता. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायचे. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

मला माझीच लाज वाटली. कमिटीचा निरोप न देताच चहा पिऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी सहाला दुधाची पिशवी घेऊन त्यांच्या गॅलरीखाली थांबलो आणि मोठ्याने म्हणालो, "वा, कोकिळा काय गातेय."

जिन्यात चपला वाजल्या.