आप्पांची स्वप्नातली पोळी

आमच्या शेजारच्या आप्पांचं पोट दुखतं ते स्वप्नात खाल्लेल्या खाण्यानं. जागेपणी हा माणूस गव्हाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पण सकाळी दूधकट्ट्यावर भेटला की पोटावर हात ठेवून सांगणार, "मास्तर, राती खारी खाल्ली. च्यात बुडवून. लई दुखाय लागलंय."

आमच्या कोल्हापुरात थंडीत, पार होळीपर्यंत, कट्ट्यावर धुकं असतं. आधी शिंगं दिसतात, मग सावकाश म्हैस येते. समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात मिळतो, कुठून तरी बेकरीचा वास तरंगत येतो आणि आप्पा डोळे मिटून उभे राहतात. त्यांचं स्वप्न कुठं संपलं आणि सकाळ कुठं सुरू झाली, हे मलाही नीट सांगता येत नाही.

साठीच्या सुमारास डॉक्टरांनी त्यांचा गहू, मैदा, रवा बंद केला. गव्हातलं ग्लूटेन त्यांच्या आतड्यांना सोसत नाही. तेव्हापासून आप्पांनी साऱ्या जगाची झडती सुरू केली. "गहू हाय का?" हा त्यांचा रामराम. मिसळीच्या हॉटेलात खिशातून भाकरी काढतील आणि मालकाला विचारतील, "हिंग कंचा? हिंगात बी कणीक घालत्यात." लग्नात म्हणतील, "ह्यातल्या फकस्त अक्षताच माझ्या कामाच्या." एकदा तर त्यांनी गवळ्यालाच धरलं. "म्हशीला गव्हाचा भुसा घातलास काय रं?"

"आप्पा, भुसा म्हस खाती. तुमी न्हाय," गवळी म्हणाला. तरी त्या दिवशी आप्पांनी ग्लास दोनदा हुंगला.

आप्पांच्या मंडळी मालनकाकी. त्यांची पुरणपोळी म्हणजे ताटाबाहेर लोंबणारी, तोंडात टाकली की विरघळणारी. आप्पांचा आजार कळला त्या संध्याकाळी काकी गव्हाचा डबा उचलून आमच्या घरी घेऊन आल्या. "त्यास्नी चालत न्हाय, मग मला कशाला?" एवढंच बोलल्या. होळीला माझी बायको आग्रह करायची, "काकी, इथं बसून एक तरी खा." काकी हसून पदर सावरायच्या आणि घरी जाऊन आप्पांबरोबर ज्वारीची भाकरी खायच्या. पुढं त्या गेल्या. डबा अजून आमच्याकडंच आहे.

"माझ्या पोटानं तिची पोळी खाल्ली, मास्तर," आप्पा एकदाच म्हणाले होते. मी गवळ्याकडून आणखी एक ग्लास घेतला आणि त्यांच्या हातात दिला.

तर ही स्वप्नातली खाणी वाढायला लागली. खारी झाली, नानकटाई झाली, एकदा सबंध पाव झाला. शेवटी आप्पांनी स्वतःच इलाज शोधला. झोपताना फडक्यात भाकरी गुंडाळून उशाखाली ठेवायची. "सपनात कुणी पंगतीला बसवलं, की आपली भाकरी काढायची. हाय काय अन् न्हाय काय!" आणि खरंच गुण आला. आप्पा सकाळी ताठ चालत यायचे, फक्त उशीला भाकरीचा वास येतो एवढीच तक्रार. मी मनात म्हटलं, चला, सुटला बिचारा.

होळीच्या आदल्या दिवशी पाहतो तर पोटावर परत हात!

"काय हो, भाकरी विसरलात?"

"न्हाय. काढूनच टाकली."

"का?"

आप्पा धुक्यात बघत राहिले. "परवा सपनात ती आली. चुलीम्होरं बसून पोळ्या करत हुती. ताट वाढलं. मी सवयीनं भाकरी काढली. तिनं बघितलं, आन् गपगुमान समद्या पोळ्या डब्यात भरून ठेवल्या. सोताच्या ताटातली बी."

गवळ्याची धार तेवढी चरवीत वाजत होती.

"माझा पयला घास झाल्याबिगर ती खात न्हाय, मास्तर. कवाच खाल्लं न्हाय. मग काल भाकरी बाजूला सारली आन् पोळीला हात घातला."

"आप्पा, फार दुखतंय का?"

"दुखू दे की," आप्पा म्हणाले. त्यांनी ग्लास न हुंगता तोंडाला लावला. मिशीवरचा फेस पुसला आणि माझ्याकडं बघून लहान पोरासारखे हसले.

"काल तिनं दोन खाल्ल्या."