तांबड्या दिव्याचा अंमल

श्रीमीटरनारायण साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, पौष मास. ते समयी तीन खोल्यांचे राज्यात राजश्री वामनराव, रेल्वेचे सिग्नलखात्यात तेहतीस वर्षे चाकरी करोन निवृत्त जाहलेले, यांणी मनी हिशेब मांडिला की, सूनबाई हेमांगी यांचे शिलाईचे मशीन विकिले असता रोख दोन हजार, आणि विजेचे बिल महिना सहाशे वीस उतरेल, त्याचे वर्षाचे सात हजार चारशे चाळीस, एकूण नऊ हजार चारशे चाळीस, आणि झुलती आरामखुर्ची नऊ हजारांस पडते. कारण ऐसे की, दिवाळीस मशीनास मोटार बसली आणि तेच महिन्यात न्हाणीघरी गिझर आला, आणि मग महिन्याचे युनिट अठ्ठ्याण्णवाचे एकशे चौपन्न जाहले, शंभराची वेस ओलांडिली, आणि वेशीपलीकडे दर दुपटीहून चढा. गिझर तो निर्दोष ठरला, कारण त्याचे बटण वामनराव सरकारस्वारी स्वहस्ते सांभाळीत, इतरांस हात लावणे मना. मग हुकूम सुटला की मशीन रविवारी गिऱ्हाइकास द्यावे आणि तोवर बंद ठेवावे.

सूनबाईंनी लग्नसराईचे चौदा ब्लाउज शिवावयास घेतलेले, आणि त्यांचे शिलाईवर मुलीची फी. त्या म्हणाल्या, "मामंजी, मोटार तासाला किती खाते, ते तरी बघा."

सरकार म्हणाले, "चोराला विचारून चोरी मोजत नसतात."

सासूबाई यमुनाबाई मटार सोलीत बोलिल्या, "आणि दुकानात खुर्चीवर झुलून आलात, ते कुणाला विचारून?" त्यावर सरकारांस खोकला आला.

मग सूनबाई नित्य सकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरावर लिहू लागल्या, आणि मशीन बंद तरी बुधवारी पाच युनिट, गुरुवारी पाच, शुक्रवारी पाच, आणि रविवार जवळ येई तसतसे त्यांस अन्न गोड लागेना. मग शनिवारी दोन प्रहरी त्यांणी घरातील सर्व बटणे बंद केली, फ्रिजची पिनही काढिली, आणि मीटरपाशी उभ्या राहिल्या, तो मीटरचा दिवा लुकलुक लुकलुक करितो.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरात काही चालू नाही, मग हा कुणाच्या जिवावर नाचतोय?"

राहिले एकच बटण. सरकार न्हाणीघराचे दारात आडवे आले. "ते बंद आहे. अंघोळ झाल्याबरोबर मी स्वतः केलंय. तांबडा दिवा दिसत नाही का?"

"मामंजी, तांबडा म्हणजे चालू."

"तांबडा म्हणजे थांबा. तेहतीस वर्षं गाड्या थांबवल्यात मी त्यावर."

"मग एकदा दाबून बघते," ऐसे म्हणोन सूनबाईंनी हात घातला आणि बटण दाबिले, तांबडा गेला, आणि मीटर निपचित.

मग उमगले की, स्वारी अंघोळीस जाताना चालू म्हणोन बंद करीत, आणि पाणी आधीच तापोन राहिल्यामुळे कढत मिळे, आणि अंघोळ होताच बंद म्हणोन चालू करीत.

सरकार म्हणाले, "बटण उलटं बसवलंय."

सासूबाई म्हणाल्या, "हो ना. गाड्या तेवढ्या सुलट गेल्या, देवाची कृपा."

मग रविवारी गिऱ्हाईक आले, त्यास चहा पाजोन वाटेस लाविले, आणि मशीन सुरू जाहले.

सारांश. वाढले युनिट छप्पन्न, पैकी मोटारीचे बारा, गिझरचे चव्वेचाळीस. चार ब्लाउज या आठवड्यात दुसरे शिंपिणीकडे गेले. खुर्ची आली नाही. बिल तेराशे साठ, मुदतीत भरिले, उरल्या दहा ब्लाउजांचे शिलाईतून, सूनबाईंनी.