शेषरावांची तिसरी वेळ

शेषराव मिस्तरींना मी पहिल्या भेटीत एवढंच विचारलं होतं, की आमचं लोखंडी गेट कधी मिळेल? त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "लवकरची नऊ तारीख. बराबरची बारा. उशिराची अठरा."

मला वाटलं, गेटचे तीन प्रकार असावेत. म्हणालो, "आम्हाला साधंच हवंय."

"साध्याचंच सांगून राहिलो."

मी सेनगावात आवक-जावक कारकून आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कागदावर एक तारीख पडते, ती शिक्क्याने पडते आणि नंतर तो कागद सहा महिने कपाटात झोपला तरी ती बदलत नाही. अशा माणसाला एका गेटाच्या तीन तारखा कशा पचाव्यात? मी म्हणालो, "मिस्तरी, एक काय ती नक्की सांगा."

"एक सांगितली तर ती खोटी असंल, भाऊसाहेब. तीन सांगितल्या तर तिन्ही खऱ्या."

गेट अठरा तारखेला दिवस मावळताना आलं. माझ्या बायकोने, सुमनने, कपाळावर आठ्या घालून ते बसवून घेतलं आणि मिस्तरी गेल्यावर म्हणाली, "अठराच सांगायची होती मग! नऊ आणि बारा कशाला सांगितल्या?" दुसऱ्या दिवशी मी तिचा सवाल रस्ता ओलांडून त्यांच्या वर्कशॉपमध्ये नेला. शेषरावांनी शांतपणे विचारलं, "आन् नवाला आणून बसवलं असतं, तर वहिनी म्हणल्या असत्या का, अठराला काहून न्हाई आणलं?" हे उत्तर घेऊन मी परत आलो.

त्या दिवसापासून मला या माणसाचं कुतूहल वाटायला लागलं. साठीच्या आसपासचं वय, अंगाने वाळलेले, खिशात पेनाऐवजी खडू. पुढे वर्कशॉप, मागे दोन खोल्या. बायको गयाबाई आम्ही सेनगावात येण्याआधीच वारलेली, लेकरूबाळ नाही. मोबाइल होता, पण तो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या खिळ्याला टांगलेला असायचा. हिंगोलीला गेले काय, नांदेडला गेले काय, फोन खिळ्यालाच. "खिशात फोन वाजला की हातातलं काम एक पाऊल मागं जातं," असं त्यांचं म्हणणं. फोनचा उपयोग काय मग, असं मी विचारलं, तर म्हणाले, "घरी असलो की वाजतो ना."

वर्कशॉपला दोन शटर होती. त्यातलं डावं कायम खाली. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं, दुकान अर्धं बंद आहे. खरं म्हणजे त्या शटरवर शेषरावांचं सगळं डोकं मांडलेलं असे आणि शटर वर केलं की ते गुंडाळलं जाई. खडूने काढलेले गोल, एका गोलातून दुसऱ्या गोलाकडे जाणारे बाण. गोलात काम लिहिलेलं: पत्रा कापला, पाइप वाकवला, रंग दिला. प्रत्येक बाणावर तीन आकडे. आणि या सगळ्या जंजाळातून गेरूने काढलेली एक लाल, जाड रेघ.

"ही रग हाय, समद्या कामाची मुख्य नस," लाल रेघेवर बोट ठेवून त्यांनी मला समजावलं. "हिच्यातलं एक काम एक दिवस मागं पडलं, की समदी मशीन एक दिवस मागं. बाकीच्यायला ढील हाय. रंगाला चार दिवसाची ढील, चाकाला सहाची. ढिलीच्या कामावर वरडून काय फायदा? वरडायचं तर रगंवर वरडा."

तरुणपणी ते एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात फिटर होते. तिथला साहेब नवीन मशीन करायला घेतली की फळ्यावर असे गोल आणि बाण काढायचा. नव्या मशीनला किती दिवस लागतील हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण ती आधी कुणी केलेलीच नसते. म्हणून तीन आकडे. सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती, सगळंच आडवं गेलं तर किती. शेषराव एवढी एक विद्या घेऊन गावी आले आणि दिसेल त्या गोष्टीला लावत सुटले.

जेवायला बोलावलं तर, "साडेबारा, एक, न्हाईतर दोन." ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनाच विचारलं, "लवकरात लवकर कवा उतरंल आन् उशिरात उशीर कवा, ते सांगा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पण हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, ते खरं. सुमनच्या भाचीच्या लग्नाला मी त्यांना सोबत नेलं. पत्रिकेत मुहूर्त बारा चौतीसचा. त्यांनी पत्रिका उलटून मागे पाहिलं. "उशिराची कुठं लिहेल हाय?" असं मला विचारलं. एक वाजला तरी नवरदेव मंडपात नाही. वधूपिता वाजंत्र्यांवर ओरडतोय, मामा आचाऱ्यावर ओरडतोय. शेषराव मांडवाला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हे समदे ढिलीच्या कामावर वरडून राहिले. रग तिकडं हाय, खोलीत. फेटे बांधणारा एकच, आन् डोके चाळीस." त्यांनी चार जाणत्या म्हाताऱ्यांना खोलीत नेऊन फेटे बांधायला बसवलं. वीस मिनिटांत वरात हलली. तेव्हापासून सुमन त्यांना भाऊजी म्हणायला लागली.

एकच गोष्ट मला उमगली नव्हती. एकदा त्यांच्या घरात गेलो होतो. ते दार लावून घ्यायला वळले, तर दाराच्या आतल्या बाजूला खडूने तीन आकडे लिहिलेले. दोन, तीन, पाच. मी विचारलं, "हे कुणासाठी?" त्यांनी तळहाताने घाईघाईने पुसलं. "हिंगोलीला गेलतो सकाळी. सवय हाय." बाहेर जाताना परतायची वेळ लिहायची, ती आतून, आणि मग बाहेरून कुलूप लावायचं! आता हे वाचणार कोण? घरी येऊन मी सुमनला सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, आणि मी कारकून असल्यामुळे विषय तिथेच दप्तरी दाखल केला.

त्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या कांताबाई वर्कशॉपमध्ये आल्या. त्यांच्या बचत गटात नऊ बाया, प्रत्येकीची हळद थोडी थोडी. आमच्याकडे हळद खणली की ती शिजवायला मोठा वाफेचा कुकर लागतो. तो ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरतो आणि आधी मोठ्या शेतकऱ्यांकडे जातो. नऊ बायांचा नंबर लागेपर्यंत खणलेली हळद पडून सुकायची आणि बिघडायची. त्यांना लहान कुकर हवा होता, दोघींना ओढत नेता येईल असा. तसा कुणीच केला नव्हता. शेषरावांचे डोळे लकाकले. दोन दिवस त्यांनी डावं शटर गोलांनी भरून टाकलं आणि मग तीन तारखा सांगितल्या.

कांताबाईंनी बोटावर मोजलं. "भाऊ, पहिल्या दोन राहू द्या. तिसरी पक्की हाय का? आमी तिसरीवर हळद खणून ठिवणार. नऊ घरची हळद हाय."

"तिसरी आजवर चुकली न्हाई," शेषराव म्हणाले. हे खरं होतं. गावात त्यांच्या तारखांना हसणारेही तिसऱ्या तारखेवर डोळे मिटून विसंबायचे.

पहिली तारीख गेली. ड्रमच्या जोडावर वेल्डिंग दोनदा करावं लागलं. दुसरी गेली. पाइपचं वळण बदलावं लागलं. मी रोज ऑफिसातून येताना शटर बघायचो. लाल रेघ रोज थोडी पुढे सरकायची, पण तिच्या शेवटी दोन गोल उरले होते, वाफेचा व्हॉल्व आणि चाचणी. तिसऱ्या तारखेच्या दोन दिवस आधी चाचणी घेतली आणि व्हॉल्व गळला. वाफेचं काम, गळका व्हॉल्व चालणारच नाही. तिकडे गोरेगावात हळद खणून झाली होती.

शनिवारी सकाळी सातला शेषराव नवा व्हॉल्व आणायला नांदेडला निघाले. घराची चावी सुमनकडे दिली. तिसरी तारीख दुसऱ्या दिवशी, रविवारी.

दुपारी चारला कांताबाई आणि आणखी दोघी जीपने आल्या, कुकर डोळ्यांनी बघायला. बघतात तर कुकर उभा आहे, पण मिस्तरी नाहीत. कांताबाई ओट्यावर बसल्या. चेहरा घट्ट. "उद्या न्हाई भेटला, तर मी आठ घरी काय तोंड दाखवू?" सुमनने चहा दिला. पाच वाजले. साडेपाच वाजले. मी मोबाइल लावला, तर समोरच्या घरात खिळ्यावर वाजला. आपणच लावलेल्या फोनची घंटा कुलूपबंद घरातून ऐकायला फार विचित्र वाटतं.

थोड्या वेळाने तो फोन पुन्हा वाजायला लागला, आणि यावेळी लावणारा मी नव्हतो. सुमन म्हणाली, "भाऊजीच कुणाच्या फोनवरून लावत असतील." तिने पळत जाऊन दार उघडलं. मी मागे, बाया माझ्या मागे. फोन कुण्या पत्र्याच्या गिऱ्हाइकाचा निघाला. तो ठेवून सुमन वळली आणि तिथेच थांबली. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं होतं. नांदेड. तीन, चार, साडेपाच.

मी घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी होते.

"तिसरी टळली," कांताबाई हळूच म्हणाल्या.

आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. त्या क्षणापर्यंत आम्ही पाचही जण व्हॉल्वची वाट पाहत होतो. मी तर मनात शेषरावांवर चिडलोही होतो. आता कुणी कुकरचं नावच काढेना. कांताबाई ओट्यावरून उठून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एक बाई म्हणाली, "उन्हानं चक्कर-बिक्कर आली असंल का? एकटाच माणूस." मी स्टँडवर जाऊन आलो. नांदेडकडच्या दोन गाड्या येऊन गेल्या होत्या. या माणसाला काही झालं, तर कळवायचं कुणाला, हेही मला ठाऊक नव्हतं.

साडेसहाला कोपऱ्यावरून शेषराव चालत आले. कपडे काळ्या तेलाने माखलेले, काखेत टॉवेलात गुंडाळलेला व्हॉल्व. आम्हाला रस्त्यात उभं पाहून ते लांबूनच बोलायला लागले, "व्हॉल्व आणला, घाबरू नका! कळमनुरीच्या पुढं जीपचा पट्टा तुटला. दीड घंटा मीच जीपखाली होतो. सकाळी चाचणी, दुपारी कुकर गोरेगावात. तिसरी तारीख चुकत न्हाई, कांताबाई."

"कुकराला लागू द्या आग!" कांताबाई म्हणाल्या. "तुमाला कुठं लागलं-बिगलं का, ते सांगा आधी."

"अन् साडेपाच लिहिलं होतं ना भाऊजी?" सुमनचा आवाज चढला होता. "आता किती वाजले? एक फोन करता येत नाही कुणाच्या मोबाइलवरून?"

शेषराव थांबले. सुमनकडे बघत राहिले. "तुमी वाचलं, वहिनी?"

"वाचलं. आम्ही सगळ्यांनी वाचलं."

ते ओट्यावर बसले. व्हॉल्व मांडीवर घेतला. पाणी प्याले आणि मग टॉवेलाशी चाळा करत बोलायला लागले.

"कारखान्यातला साहेब तीन आकडे मांडायचा, पण बाहेर एकच सांगायचा. बाकीचे दोन खिशात. मी बी तसंच करायचो. एकदा गयाला चारला येतो म्हणलं आन् सातला आलो. पाहतो तर ही दारात बसेल होती. चूल थंडी, भाकर न्हाई. मी म्हणलं, वाट पाहायची एवढी तकलीफ होते का? तर म्हणली, वाट पाहायची तकलीफ न्हाई हो. चारपस्तोर मी वाटच पाहत होते. चारनंतर घोर लागला. तुमच्या खिशातली उशिराची वेळ मला सांगत जा, तवर मी निवांत भाकरी करीन." ते जरा थांबले. "गोल न् बाण साहेबाचे हायत, भाऊसाहेब. तिन्ही सांगायच्या, हे तिचं. ती दाराच्या आतच वाचायची, म्हणून आत लिहितो."

मला एकदम भरून आलं आणि मी ते लपवलंही नाही. कांताबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि त्याच पदराने शेषरावांच्या बाहीवरचं तेल पुसायला लागल्या.

रविवारी सकाळी चाचणी झाली. व्हॉल्व गळला नाही. दुपारी दोनला कुकर टेम्पोत चढला आणि शेषराव त्याच्या शेजारी उभे राहून गोरेगावला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा नखांपर्यंत पिवळे झाले होते.

पुढच्या मंगळवारी मी ऑफिसला निघालो, तर आमच्या गेटच्या पत्र्यावर खडूने लिहिलेलं होतं. हिंगोली. बारा, एक, तीन. मी सुमनला हाक मारली. तिने वाचलं आणि म्हणाली, "तीनपर्यंत बाहेर आहेत म्हणजे. भाकरी दोनला टाकते." ते एकला आले, आणि फडकं ओलं करून स्वतःच्या हाताने गेट पुसलं.

आता सुमनने खडूचा डबा गेटजवळच्या कोनाड्यात ठेवलाय, आणि जाताना मीही लिहावं असा दंडक घातलाय. मी आपला कारकुनी अक्षरात लिहितो, साडेसहा. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याच्याखाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेलं असतं, सात, आठ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्ता ओलांडून विचारलं, "शेषराव, हे काय? मी तर रोज साडेसहालाच येतो."

"येता, बराबर हाय," ते नजर न उचलता म्हणाले. "पर साडेसहानंतर मला घोर लागतो."